सत्तेचाळीस नंबरच्या जागी

त्या गुरुवारी आई सकाळी सातलाच घरी परतली. म्हणजे बिल्ला मिळाला नव्हता. बिल्ला मिळो न मिळो, चपला ती त्याच शिस्तीने भिंतीला टेकवून ठेवायची. तशा ठेवून, हात धुऊन ती म्हणाली, "आज सगळ्या ठणठणीत. एकही आजारी पडली नाही. काय दिवस आलेत."

लेकीने तिच्यापुढे चहा ठेवला. घरात दोघीच. वडील जाऊन एवढी वर्षं झाली होती की त्यांचा फोटोसुद्धा आता घरातल्या घड्याळासारखा झाला होता, असतो, रोज दिसतो, पण कोणी मुद्दाम बघत नाही.

आई एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईघरात बदली म्हणून जायची. धुलाईघर इस्पितळाच्या मागच्या अंगाला, बॉयलरच्या शेजारी. तिथे ऐंशी बायका कायम नोकरीत होत्या. त्यांचे ऐंशी नंबरचे ऐंशी बिल्ले आत दाराजवळच्या फळीवर टांगलेले असत. सकाळी सहाला प्रत्येकीने यायचं, आपला बिल्ला काढून छातीवर लावायचा. सहा वाजून पाच मिनिटांनी जे बिल्ले फळीवर राहिले ते मुकादम काढून घेई आणि मागच्या फाटकाशी येई. तिथे भिंतीला पाठ लावून पंधरा-वीस बदली बायका उभ्या असत. मुकादम बघे, बोट करी, बिल्ला देई. ज्या बाईला जो बिल्ला मिळाला, ती त्या दिवसापुरती त्या नंबरची बाई. हजेरी त्या नंबरवर लागे, यंत्र त्या नंबरचं मिळे आणि हाकही त्या नंबरानेच येई.

ही पद्धत कोणी काढली ते कोणालाच ठाऊक नव्हतं. मुकादमाला सोयीची होती, कारण माणूस कमी पडल्याचं वर कळवावं लागत नसे. रजेवर जाणारी बाई मुकादमाकडे चिठ्ठी देई आणि तो ती खिशात ठेवी. संध्याकाळी काम पुरं झालेलं असलं की चिठ्ठी फाडली जाई. कागदावर ऐंशीच्या ऐंशी जणी वर्षभर हजर. त्या दिवसाचा पगार नंबरवालीच्या नावावर निघे आणि ती तो बदलीच्या हातात देई.

आई बावीस वर्षं त्या भिंतीशी उभी राहत आली होती. आठवड्यातून चार दिवस बिल्ला मिळे, कधी पाच, कधी एकच. घरी आली की जेवताना ती सांगे, आज मी एकोणीस होते, आज मी बासष्ट होते. एकोणीस नंबरचं यंत्र खिडकीपाशी, म्हणून एकोणीस व्हायला तिला आवडे. सत्तेचाळीस नंबरवालीचे गुडघे धरत, म्हणून तिच्या यंत्राशी स्टूल असे; सत्तेचाळीस झालं की आईलाही बसायला मिळे. "आयत्या बिळावरचे नागोबा आम्ही," ती म्हणायची, "फक्त बीळ संध्याकाळी रिकामं करून द्यावं लागतं."

त्या गुरुवारी लेकीच्या हातात प्रश्नावली होती. लेक आकडेवारीच्या संस्थेत संशोधन सहायक होती. तीही वर्षाच्या करारावर, नऊ वेळा वाढवून मिळालेल्या. संस्थेला देशभर पाहणी करायची होती की किती लोकांचं काम असुरक्षित आहे, आणि त्याआधी असुरक्षित काम कशाला म्हणायचं ते ठरवायचं होतं. व्याख्येचा मसुदा लेकीने केला होता. तिचा मसुदा चांगला होता, असं वरिष्ठांनीही म्हटलं होतं. एखाद्या खऱ्या माणसावर प्रश्न घासून बघावेत म्हणून तिने आईला समोर बसवलं.

"असुरक्षित म्हणजे? इस्त्रीच्या रुळात हात जातो तसं?" आईने विचारलं.

लेकीने समजावलं की तसं नव्हे, उद्या काम असेल की नाही याची खात्री नसलेलं.

"उद्याची खात्री कोणाला असते गं? वर्ष संपत आलं की तुझीच झोप उडते. बरं, विचार. मास्तरीणबाईंना नाही कसं म्हणायचं."

गेल्या सात दिवसांत कुठे काम केलंत, हा पहिला प्रश्न. आईने बोटांवर मोजत सांगितलं की सोमवारी एकोणीस, मंगळवारी कोणीच नाही, बुधवारी तेहतीस. तुमच्या नियुक्तीपत्रावर कोणाची सही आहे, यावर ती नुसतीच हसली. तुमचा मालक कोण, या अकराव्या प्रश्नापाशी मात्र ती खरोखर विचारात पडली. इस्पितळ म्हणावं तर त्यांना ती माहीतच नव्हती. मुकादम म्हणावं तर तोही पगारीच. शेवटी म्हणाली, "जिच्या बिल्ल्यावर गेले ती. लिही, सोमवारी एकोणीस, काल तेहतीस."

लेकीला बसची घाई होती. तिने त्या ओळीवर खूण केली नाही, ऑफिसात बघू म्हणाली. आई पाय लांब करून बसली आणि म्हणाली की आज मोकळी आहे तर पडदे धुऊन टाकते. इस्पितळाचे धुतले आता घरचे.

दुपारी संस्थेत बैठक झाली. मसुद्यातली सतरावी ओळ बदली कामगारांची होती. संचालकांना ती नको होती. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे अशी माणसं आता उरली नाहीत; दुसऱ्याच्या नावावर हजेरी, हे जुन्या गिरण्यांच्या काळातलं; एवढ्याशा लोकांसाठी रकाना वाढवला तर छपाईचं पान वाढतं. मग त्यांनी टेबलाभोवती बघत सहज विचारलं, तुमच्यापैकी कोणाच्या ओळखीत आहे का असं कोणी?

लेक त्यांच्या समोरच बसली होती. ती नाही म्हणाली. सगळेच नाही म्हणाले, पण तिने आधी म्हटलं.

आई इस्पितळात असते, एवढंच ती ऑफिसात आजवर सांगत आली होती. ऐकणारे परिचारिका समजत. ती कधी खोटं बोलली नव्हती, आणि कधी कोणाला दुरुस्तही केलं नव्हतं. सतराव्या ओळीवर तिनेच रेघ मारली. संध्याकाळी घरी आली तेव्हा पडदे वाळून परत लागलेले होते आणि आई खुर्चीवर चढून त्यांच्या चुण्या सारख्या करत होती. खाली उतर, पडशील, असं लेक म्हणाली. जेवल्या, झोपल्या. त्या दिवशी आणखी काही झालं नाही. तिने नंतर पुष्कळदा आठवून पाहिलं. खरंच काही झालं नाही.

शुक्रवारी आईला सत्तेचाळीसचा बिल्ला मिळाला.

पावणेदहाच्या सुमाराला ती इस्त्रीच्या रुळांपाशी, स्टुलावरून उठता उठता खाली बसली आणि तशीच आडवी झाली. इस्पितळातच असल्यामुळे चाकाचा पलंग यायला वेळ लागला नाही. धुलाईघर ते अपघात विभाग, चालत चार मिनिटं. तिथल्या डॉक्टरांनी छातीवर दाब देऊन पाहिला, आणि दाब देताना त्यांचा हात बिल्ल्याला लागत होता म्हणून परिचारिकेने तो काढून बाजूला ठेवला. सगळं थांबल्यावर तिने त्या बिल्ल्यावरचा नंबर वाचून कचेरीला कळवला. कचेरीने नोंदवही उघडली, सत्तेचाळीसच्या पुढे जे नाव होतं ते कागदावर लिहिलं आणि जो फोन होता तो लावला.

फोन सत्तेचाळीस नंबरवालीच्या नवऱ्याने उचलला. तो निवृत्त ड्रायव्हर. तुमच्या पत्नीचं कामावर असताना निधन झालं आहे, तातडीने या, असं पलीकडून सांगितलं गेलं. त्याची पत्नी त्याच्या समोर दोरीवर कपडे वाळत घालत होती. तो म्हणाला, ती तर इथे आहे. पलीकडचा माणूस सवयीने म्हणाला, सुरुवातीला सगळ्यांना तसंच वाटतं.

मग त्याने फोन बाजूला धरला आणि बायकोला सांगितलं, "अगं, तू गेलीस म्हणतात."

तिच्या लगेच लक्षात आलं. हातातला ओला कपडा तसाच टाकून, धरलेल्या गुडघ्यांनी ती इस्पितळात पोचली. आपल्या बिल्ल्यावर आज कोण होतं ते धुलाईघरात विचारलं. नाव सगळ्यांना माहीत होतं. पत्ता कोणालाच नाही, फोन कोणाकडे नाही. मुकादमाच्या वहीत बदली बायकांची नावं पेन्सिलीने लिहिलेली, तीही अर्धी. बायकांना इतकंच आठवत होतं की हिची मुलगी आकडे मोजायच्या कुठल्याशा ऑफिसात आहे. सत्तेचाळीस नंबरवाली चार ऑफिसांचे जिने चढली. पाचव्यात लेक सापडली तेव्हा पावणेपाच झाले होते.

लेकीला खाली कोणी बाई भेटायला आल्याचा निरोप मिळाला. ती उतरून आली. एक जाडसर, घामेजलेली बाई पायरीवर बसली होती, उठायचा प्रयत्न करत होती.

"मी सत्तेचाळीस," ती म्हणाली.

लेक तिला कधी भेटली नव्हती, पण तिचे गुडघे, तिचं स्टूल, तिची नुकतीच बाळंत झालेली भाची, सगळं माहीत होतं. म्हणून ती ओळखीचं हसली. नंतर कितीतरी दिवस तिला हे हसणं आठवत राहिलं, दुसऱ्या कोणाचं असावं तसं.

सात तास आई दुसऱ्या बाईच्या नावाने गेलेली होती. इस्पितळाच्या कागदावर ते नाव लाल शाईने खोडून वर आईचं नाव लिहिलेलं होतं. लेकीने स्पेलिंग तपासलं. बरोबर होतं. तिने सही केली.

पुढचं सगळं तिने नीट केलं. कोणाला काय कळवायचं, कोणती कागदपत्रं लागतील, याची यादी केली आणि एकेक काम उरकलं. नात्यातल्या बायका म्हणाल्या, रडली नाही, पोटात ठेवू नकोस. एक मावशी म्हणाली, दगड झालीय पोर. लेकीला तेही नुसतं ऐकू आलं. तिसऱ्या दिवशी ती धुतलेली मोठी चादर घडी घालायला उभी राहिली. दोन टोकं हातात धरली, दोन जमिनीवर लोळत राहिली. ही चादर आजवर तिने एकटीने कधी घडी केलीच नव्हती. समोरून कोणीतरी चालत यायचं. मग तिने चादर गोळा करून कपाटात कोंबली.

चौथ्या दिवशी मुकादम आला. बरोबर दोन बदली बायका होत्या. मुकादम दारातच चपला काढून, भिंतीला लागून अवघडून बसला. तो वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला की निरीक्षक येणार आहेत, चौकशी होईल. इस्पितळाने एक निवेदन तयार केलंय. त्यात लिहिलंय की बाई त्या दिवशी ओळखीच्या कोणाला तरी भेटायला धुलाईघरात आल्या होत्या आणि तिथे त्यांना झटका आला. मुलीची सही झाली की विषय संपला. नाहीतर बिल्ल्याची भानगड वर जाईल, फाटक बंद होईल, आणि ठेकेदाराची माणसं यायला टपलेलीच आहेत.

दोघींतली ठेंगणी बाई पुढे सरकली. ती म्हणाली, "तुझी आई मला तिथे घेऊन आली होती. माझ्या घरात तीन तोंडं आहेत. गेलेलं माणूस काही परत येत नाही बघ."

लेक म्हणाली, बरं. खरंच तिला काही फरक वाटत नव्हता. भेटायला आली काय, कामाला आली काय, आई नव्हती.

ते गेल्यावर तासाभराने सत्तेचाळीस नंबरवाली एकटीच आली. तिने पाणी मागितलं, प्यायली आणि सरळ सांगितलं की नोकरीची चार वर्षं राहिली आहेत. हजेरीत ती शुक्रवारी हजर आहे आणि होती मात्र घरी. हे उघड झालं तर तिला काढतील. "माझ्या जागेवर ती गेली," ती म्हणाली. "झोप लागत नाही मला. तरी पण तुझ्याकडे हे मागायला आलेय. माणूस काय असतं बघ."

लेक तिलाही बरं म्हणाली.

त्यानंतरच्या आठवड्यात तिने संस्थेत जायला सुरुवात केली. सहकारी हळू आवाजात बोलत. एकीने विचारलं, आई कुठल्या वॉर्डला होत्या? लेकीने खाली बघितलं आणि ती बाई ओशाळून गेली. मसुदा छापायला जायचा होता. लेकीने शेवटची तपासणी केली. सोळाव्या ओळीनंतर जुनी अठरावी आता सतरावी होऊन बसली होती. कुठे काही काढलंय असं दिसतसुद्धा नव्हतं. ती बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिली. उद्या निवेदनावर सही केली की तिथेही असंच होईल, एवढं तिच्या मनात आलं. राग नव्हता, दुःखही नव्हतं. हिशेब पडताळून पाहताना एखादी बेरीज चुकलेली आढळावी, तसं फक्त लक्षात आलं.

चौकशी इस्पितळाच्या दुसऱ्या मजल्यावर होती. बाहेरच्या बाकावर सत्तेचाळीस नंबरवाली बसलेली होती. तिलाही बोलावलं होतं. लेक तिच्या शेजारी बसली. दोघी समोरच्या भिंतीकडे बघत होत्या.

"शुक्रवारी रजेची चिठ्ठी दिली होती ना तुम्ही?" लेकीने विचारलं.

"गुरुवारीच दिली. न देता कधी राहिले नाही. तो खिशात ठेवतो."

"म्हणजे तुम्ही रजेवर होतात."

"कागदावर नाही."

"कागद त्याच्या खिशात होता. तो हजेरीत चढवणं त्याचं काम."

सत्तेचाळीस नंबरवालीने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. हिच्या मनात काय चाललंय ते तिला कळलं असावं. ती गुडघा चोळत राहिली. "फाडली असेल त्याने," ती म्हणाली.

"असेल."

"तुझं तू बघ बाई. मी तुला कर म्हणणार नाही आणि करू नको असंही म्हणणार नाही. नको म्हणायला एकदा येऊन गेले, तेवढं पुरे झालं. मला विचारलं तर खरं ते सांगेन. खोटं पाठ करायचं वय राहिलं नाही माझं."

आत तिघं होते: इस्पितळाचे व्यवस्थापक, कामगार खात्याच्या निरीक्षक बाई आणि टंकलेखक. मुकादम खिडकीशी उभा होता. व्यवस्थापकांनी लेकीसाठी खुर्ची स्वतः ओढली, पाणी दिलं, झालं ते फार वाईट झालं म्हणाले. त्यांना वाईट वाटतही असावं. निरीक्षक बाईंपुढे फायलींचा ढीग होता आणि त्यांचं लक्ष घड्याळाकडे होतं.

टंकलेखकाने निवेदन वाचून दाखवलं. सदर महिला गृहिणी असून, घटनेच्या दिवशी आपल्या परिचित व्यक्तीस भेटण्यासाठी धुलाई विभागात आल्या असता. वाक्य लांब होतं. लेक ऐकत होती. वाक्य चांगलं जमलेलं आहे, असं तिला वाटलं. असली वाक्यं ती स्वतः लिहायची. कुठेही कोपरा बाहेर येत नाही अशी.

व्यवस्थापकांनी कागद तिच्यापुढे सरकवला आणि कुठे सही करायची तिथे बोट ठेवलं. निरीक्षक बाईंनी रिवाजाप्रमाणे विचारलं, "बरोबर आहे ना हे सगळं?"

लेकीने पेन उचललं. मुकादम तिच्याकडे बघत नव्हता. खाली कुठेतरी धुलाईघराचा बॉयलर चालू होता, त्याची घरघर फरशीतून पायाला लागत होती. ठेंगणी बाई आज भिंतीशी उभी असेल. तिला बिल्ला मिळाला असेल की नसेल, आणि उद्या भिंतच राहील की नाही, ते पुढच्या एका वाक्यावर होतं. हे लेकीला स्वच्छ दिसत होतं. यातून सगळ्यांचं भलं होईल असा काही मार्ग तिच्यापाशी नव्हता. तिने पेन खाली ठेवलं.

"नाही," ती म्हणाली.

व्यवस्थापक काही बोलू लागले. निरीक्षक बाईंनी हात वर केला. त्यांनी पहिल्यांदाच लेकीकडे नीट बघितलं.

"कोणाला भेटायला आली नव्हती ती. कामाला आली होती." लेकीचा आवाज साधाच होता, दुकानात वस्तूचं नाव सांगावं तसा. "सकाळी सहा वाजता मागच्या फाटकाशी मुकादमांनी तिला बिल्ला दिला, म्हणून ती आत गेली. ज्यांचा बिल्ला, त्यांनी रजेची चिठ्ठी आदल्या दिवशीच दिली होती. ती हजेरीत का आली नाही, ते मुकादमांना विचारा. त्या बाहेर बसल्यात, त्यांनाही विचारा. बावीस वर्षं माझी आई इथे चादरी धुवायची, इस्त्री करायची. तुमच्या कुठल्याच वहीत ती नाही."

टंकलेखकाने विचारलं, हे लिहायचं का? निरीक्षक बाई म्हणाल्या, लिहा.

यंत्राची टकटक सुरू झाली. लेकीला वाटलं, आपलं सांगून झालं. पण झालं नव्हतं.

"माझ्याही वहीत नव्हती," ती म्हणाली. "असं काम करणारं कोणी तुमच्या ओळखीचं आहे का, म्हणून मला ऑफिसात विचारलं होतं. ती गेली त्याच्या आदल्या दिवशी. मी नाही म्हणाले. मला लाज वाटायची तिच्या कामाची. हे मी तिला कधी सांगितलं नाही, पण तिला ते माहीत असणार. माझी आई बदली कामगार होती. हेही लिहून घ्या. माझी आई होती ती."